आधी डायलिसिसची वेळ, मग हॉटेल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणमालेतील हे एक भाषण. वक्ते बी विंगमधील रहिवासी आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



याआधी या कट्ट्यावर गुडघेदुखी, मृत्युपत्र आणि गच्चीवरची बाग अशा विषयांवर भाषणं झाली. मला समितीने दिलेला विषय आहे किडनीचा आजार आणि प्रवास. मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली. माझी पात्रता एवढीच की गेली साडेचार वर्षं मी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर पडून असतो. या काळात एकदा प्रवासात मरता मरता वाचलो, आणि त्यानंतर तीनदा व्यवस्थित फिरून आलो. या दोन्हींत काय फरक होता, तेवढं सांगायला उभा आहे.

विषय आत्ताच घ्यायचं कारण म्हणजे पुढच्या महिन्यातली आपली गणपतीपुळ्याची सहल. यादी जिन्याखाली लावली आहे ती तुम्ही पाहिली असेल. आपल्या सोसायटीत किडनीची तक्रार असलेली, मला माहीत असलेली, चार माणसं आहेत. त्यातल्या दोघांनी नाव घालून मग खोडलं. मी एकांना विचारलं, का हो? तर म्हणाले, "आता आपलं कुठे जाणं-येणं राहिलं!" हे वाक्य मी स्वतः दीड वर्ष म्हणत होतो, म्हणून मला ते ओळखीचं वाटलं.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. साडेतीन वर्षांपूर्वी कोल्हापूरला पुतण्याचं लग्न होतं, रविवारी. शनिवारी पहाटे मुलाच्या गाडीने निघायचं ठरलं. शनिवार हा माझा डायलिसिसचा वार. पण तेव्हा सुरू होऊन वर्ष झालं होतं, प्रकृती छान होती, आणि प्रकृती छान असली की माणूस आपला आपणच डॉक्टर होतो. मी म्हटलं, एकच तर चुकतंय, मंगळवारी घेऊच की. युनिटमध्ये सांगितलंही नाही, ओरडतील म्हणून. बँकेत व्याजाचे दिवस मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे मोजलं नाही की गुरुवार दुपार ते मंगळवार दुपार म्हणजे पाच दिवस होतात.

तुमच्या किडन्या आत्ता, माझं भाषण ऐकतानाही काम करताहेत. रात्री झोपेतही करतात. माझ्या बाबतीत ते काम आठवड्याच्या १६८ तासांपैकी फक्त १२ तास होतं. उरलेल्या वेळात पाणी, मीठ, पोटॅशियम सगळं आतच साठत राहतं. त्यामुळे एक पाळी चुकणं म्हणजे एक गोळी विसरण्यासारखं नाही.

लग्नात मी मठ्ठा प्यायलो, बटाट्याची भाजी खाल्ली, केळं खाल्लं. सोमवारी सकाळी भावाकडे तांबडा-पांढरा रस्सा झाला. निघताना वहिनींनी पायरीवर थांबवलं आणि म्हणाल्या, "भावजी, चेहरा उतरलाय तुमचा. हे शहाळं घ्या, ताकद येईल." कराडजवळ मुलाने प्रेमाने दुसरं घेऊन दिलं.

साताऱ्याच्या अलीकडे मला सीट मागे करून पडवेना. पडलं की गुदमरायचं, ताठ बसलं की जरा बरं. चहाला थांबलो तर गाडीतून उतरताना पायात जोरच नाही, कापसाचे झाल्यासारखे पाय. मुलगा म्हणाला ॲसिडिटी असेल. आमच्या सौ.नी मात्र गाडी थेट साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलात घ्यायला लावली आणि कॅज्युअल्टीच्या दारातच एक वाक्य सांगितलं : "हे डायलिसिसवर आहेत, गुरुवारनंतर झालेलं नाही." ड्युटीवरच्या त्या पोरसवदा डॉक्टरने पुढचं काही विचारलं नाही. आधी ईसीजी काढला, रक्त घेतलं. पोटॅशियम ७.१ होतं. ते साधारण ५ च्या आत हवं. पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते, आणि बिघडताना दुखत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. रात्री बारानंतर डायलिसिस झालं. अंगात पावणेसहा किलो जास्तीचं पाणी होतं.

ते एक वाक्य तुम्ही पाठ करावं अशी माझी विनंती आहे, रुग्णाने नव्हे, बरोबरच्या माणसाने. डायलिसिसवर आहेत, शेवटचं अमुक वारी झालं, पोटॅशियम बघा. श्वास लागला, छातीत धडधडलं, हातापायांतला जोर गेला, तर 'थोडं पडा, बरं वाटेल' म्हणत बसू नये. आपली गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

आणि दुसरी गोष्ट मला नंतर कळली, ती ऐकून कपाळावर हात मारला. मी युनिटमध्ये आधी सांगितलं असतं, तर त्यांनी माझी शनिवारची पाळी शुक्रवारी घेतली असती. पाळी हलवता येते. चुकवायची नसते.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही ठाण्याबाहेर पडलो नाही. सौ.चं माहेर मालगुंड, गणपतीपुळ्याच्या शेजारचं, केशवसुतांचं गाव. तिची आई तेव्हा ८६ वर्षांची. ही त्या काळात दोनदा आईला भेटून आली. रात्रीच्या गाडीने जायची, दिवसभर थांबायची आणि रात्रीच्या गाडीने परत यायची, कारण मला एकटं ठेवायची भीती. तिसऱ्यांदा आईचा फोन आला तेव्हा ही म्हणाली, "यंदा जमणार नाही." मी शेजारीच बसलो होतो. आजार मला झाला होता आणि घरात दोघं कोंडले गेलो होतो.

मी हे आमच्या किडनीच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी तुम्हाला डायलिसिस चुकवू नका म्हणालो होतो. घर सोडू नका असं कधी म्हणालो?"

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपण सगळे सहल कशी ठरवतो? आधी ठिकाण, मग हॉटेल, मग गाडी. आम्हा लोकांना हे उलटं करावं लागतं. जिथे जायचं तिथून तास-दीड तासाच्या आत डायलिसिस होतं का, आपल्या वाराला जागा मिळते का, हे आधी. ती वेळ हातात आली की तिच्याभोवती बाकीचं बांधायचं. गणपतीपुळ्यात राहायचं तर रत्नागिरी शहर आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर आहे, तिथे डायलिसिस होतं. कोल्हापूर, नाशिक, पणजी, म्हापसा, मडगाव इथेही होतं. जागा आहे का हे मात्र फोन करूनच कळतं, आणि दिवाळी-मे महिन्यात महिना-दीड महिना आधी विचारलेलं बरं. आपल्या युनिटच्या टेक्निशियनला आधी विचारा. त्यांची एकमेकांत ओळख असते आणि त्यांनी फोन केला की काम लवकर होतं. ज्यांचं डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं, त्यांनी आरोग्यमित्राला भेटून दुसऱ्या गावी काय करावं लागेल हे विचारून घ्यावं. पैसे भरून घ्यायची पाळी आली तर ती तिथे पोचल्यावर कळू नये.

नवीन युनिट तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे कागद लागतात. आपल्या डॉक्टरांचं पत्र, त्यात आजार, चालू औषधं, ॲलर्जी. शेवटच्या दोन-तीन डायलिसिसच्या शीटची झेरॉक्स, कारण त्यात किती तास, रक्ताचा वेग किती, हेपॅरिन किती, दाब किती राहतो हे सगळं असतं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. याचा कुणी अपमान वाटून घेऊ नये, हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला मशीनच वेगळं लावावं लागतं, आणि रिपोर्ट नसेल तर तुम्हाला दारातच थांबवतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्राय वेट. म्हणजे जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर राहणारं आपलं खरं वजन. माझं ६१ किलो आहे. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. तो चुकला तर पाणी कमी तरी निघतं नाहीतर इतकं निघतं की दाब कोसळतो आणि पायात गोळे येतात. आपल्याकडे डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात, तो ओला बरोबर नेण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे नवा घ्या.

आता वारांचा हिशोब. माझ्यासारखे मंगळ-गुरु-शनिवाले शनिवारी संध्याकाळी मोकळे होतात ते मंगळवारपर्यंत. रविवार, सोमवार दोन अख्खे दिवस हाताशी असतात. बाहेर कुठे डायलिसिस न घेता जवळची सहल करायची तर हेच दिवस बरे, असं कुणालाही वाटेल, आणि जाताही येतं. पण आठवड्यातला हा सगळ्यात लांब खंड आहे आणि आमच्या माणसांना सगळ्यात जास्त धोका याच खंडाच्या शेवटी असतो. म्हणजे नेमकं ज्या दोन दिवसांत बाहेर जेवायचं, त्याच दोन दिवसांत तोंड सगळ्यात जास्त सांभाळायचं. मी स्वतः आता उलट करतो. मधला वार बाहेरगावी घेतो. डायलिसिसच्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवत नाही, परत आल्यावर झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याइतकाच ताजा असतो, आणि देवदर्शन, किनारा, नातेवाईक सगळं तेव्हा.

तर असे आम्ही मालगुंडला गेलो. रविवारी सकाळी ठाण्याहून कोकण रेल्वेने. मोटारीपेक्षा मला रेल्वे बरी वाटते, उठून चार पावलं टाकता येतात, स्वच्छतागृह असतं आणि घाटातल्या खोळंब्याची धास्ती नसते. (कुणी तरी विचारेल म्हणून सांगतो, रेल्वेची किडनी रुग्णांना असलेली सवलत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्यांना आहे, पुळ्याच्या गणपतीला जाणाऱ्यांना नाही.) मंगळवारी रत्नागिरीत डायलिसिस घेतलं. शेजारच्या खाटेवर एक रिक्षावाले होते, लांबच्या गावाहून एसटीने आलेले. मी कुठून आलो, कशासाठी आलो असं विचारल्यावर मी जरा कौतुकानेच सांगितलं की सहलीला आलोय. ते म्हणाले, "आमची तर आठवड्यातून तीनदा सहल असते, पहाटे साडेचारला उठून." त्यानंतर मी माझ्या प्रवासाचं फार कौतुक केलेलं नाही.

सासूबाईंनी माझ्या हाताला हात लावून फिस्टुलाची थरथर बघितली आणि म्हणाल्या, "आत मांजर घुरघुरतंय जणू." सौ. चार दिवस आईजवळ झोपली. पुढच्या सात महिन्यांत सासूबाई गेल्या.

खाण्यापिण्याचं सांगतो, कारण सहलीत घात होतो तो इथे. शहाळ्याचं मघाशी सांगितलंच. निरोगी माणसाला ते अमृत असेल, आमच्यासाठी ते पोटॅशियमची बाटली आहे. केळी, संत्री-मोसंबीचा रस, सुका मेवा, टोमॅटोचं सूप हे त्याच वर्गातले. बटाटा घरी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकता येतं, हॉटेलातल्या बटाटावड्याचं तसं काही करता येत नाही. आणखी एक फळ आहे, करमळ. काही जण कमरख म्हणतात, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसतं. कोकणात आणि थंड हवेच्या ठिकाणी मीठ-तिखट लावून विकतात. किडनी निकामी असलेल्याने त्याची एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातलं विष किडनीवाटेच बाहेर पडतं, आमच्यात ते पडत नाही आणि मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके. उचकी लागली म्हणून पाणी पाजत बसाल, म्हणून सांगून ठेवतो.

'लो सोडियम' मीठ घेऊन फिरणारी मंडळी असतात. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, तेव्हा तेही नको. साधं मीठच, पण कमी. लोणचं, पापड, फरसाण, बसमध्ये फिरणारे वेफर्स यांना हात जोडायचे. पोहे, घावणे, तांदळाची भाकरी, भात, थोडी मासळी यावर कोकणात माझं छान भागतं. सोलकढी अर्धी वाटी. हापूसची एक फोड. डॉक्टरांनी विचारलं तर एकच, असं मी सांगतो.

पाण्याचं माप प्रत्येकाचं वेगळं. साधारण, दिवसभरात लघवी जेवढी होते त्यात अर्धा लिटर मिळवायचं, असं आम्हाला शिकवतात. त्यात चहा, आमटी, ताक, कलिंगड सगळं धरायचं. मी सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून घेतो आणि छोट्या पेल्याने पितो. तहान लागली तर तोंडात लवंग किंवा बर्फाचा एक खडा.

मात्र इथे एक गोंधळ होतो. माझं ऐकून आपल्या ए विंगमधल्या एका काकांनी पाणी कमी केलं. त्यांचा आजार तिसऱ्या टप्प्यातला, डायलिसिसपासून कितीतरी दूर. त्यांना धोका आहे तो उलट, उन्हात अंगातलं पाणी कमी होण्याचा. अशांना प्रवासात उलटी-जुलाब झाले तर किडनीला लगेच इजा होते, आणि रक्तदाबाच्या, लघवीच्या, मधुमेहाच्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, त्यामुळे तेही विचारून. अंग दुखलं म्हणून बसमध्ये कुणी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी पुढे केली तर आम्हा कुणीच घेऊ नये. अगदीच लागलं तर पॅरासिटामॉल. शेजाऱ्याची औषधं आणि शेजाऱ्याचं पथ्य, दोन्ही उसनी घेऊ नयेत.

मधुमेही मंडळींसाठी एक. किडनी मंदावली की इन्शुलिन अंगात जास्त वेळ राहतं. बस दोन तास उशिरा पोचली आणि जेवण लांबलं की साखर एकदम उतरते. खिशात साखरेची पुडी ठेवा, संत्र्याचा रस नव्हे.

औषधं नेहमी हातातल्या पिशवीत, चार दिवस जास्तीची. रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण बर्फाला चिकटवून नाही, ते गोठलं की वाया गेलं. सी विंगमधल्या ज्या ताईंचं प्रत्यारोपण झालं आहे, त्यांना विचारून सांगतो : त्यांच्या गोळ्या बरोबर बारा तासांनी, मग बस घाटात असो की आरती चालू असो. त्या उघड्यावरची कापलेली फळं आणि बर्फाचा गोळा खात नाहीत, आणि परदेशी जायचं ठरलं तेव्हा लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारलं, कारण काही जिवंत लसी त्यांना चालत नाहीत. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांना युनिट शोधावं लागत नाही, पण पाण्याच्या पिशव्या आधी मुक्कामी पोचवाव्या लागतात आणि पिशवी बदलताना पंखा बंद करून बसायला एक स्वच्छ, रिकामी खोली लागते. डॉर्मिटरीत त्यांना घालू नका.

माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, सुई नाही, घड्याळ नाही, बॅगेचा पट्टा नाही. रोज सकाळी मी त्यावर बोटं ठेवून थरथर बघतो, ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथून रक्त आलं तर कापडाचा बोळा न करता बरोबर त्या जागी बोटाने घट्ट दाबून धरायचं, हात वर करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. ज्यांच्या गळ्यात किंवा छातीत कॅथेटर आहे त्यांनी समुद्रात उतरू नये, पोहण्याच्या तलावातही नाही.

तर आपल्या सहलीचं. निघणं शुक्रवारी, परतणं रविवारी. शनिवारची माझी रत्नागिरीची वेळ मी सहलीची वर्गणी भरण्याआधीच पक्की केली आहे, सकाळी साडेसातची. तुम्ही किनाऱ्यावर असाल तेव्हा मी तिकडे असेन, दुपारी येऊन झोपेन आणि आरतीला भेटेन. मला बसमध्ये डावीकडची खिडकी द्यावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का त्या हाताला लागणार नाही. ज्या दोघांनी नावं खोडली आहेत त्यातल्या एकांचा वारही शनिवारच आहे. त्यांच्यासाठी मी त्याच युनिटमध्ये विचारून ठेवलं आहे. दुपारची जागा आहे, गुरुवारपर्यंत कळवायचं आहे. ते इथे बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाही.

माझ्या फाइलीतल्या पत्राचा आणि कागदांचा नमुना झेरॉक्स करून सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. नाव-नंबर खोडले आहेत, हवा त्याने न्यावा. सेक्रेटरीसाहेब चहा झाल्याची खूण करताहेत. माझा अर्धा कप.